कोपराखाली चार बोटं

आई गेली त्याच्या आदल्या दिवशी, रविवारी सकाळी, तिने मला ओट्यापाशी उभं करून माझं माप घेतलं.

बोर्ली पंचतनच्या एसटी स्टँडमागे आमच्या भाड्याच्या दोन खोल्या. आतली स्वयंपाकाची. तिथे सकाळी नऊपर्यंत खिडकीतून चांगला उजेड येतो, म्हणून मी तिथेच वाचत बसले होते.

"रश्मी, ऊठ जरा. इथं उभी राहा. पोळ्या लाटतेस असं कर."

"लाटणं कुठाय?"

"नसू दे. नाटकात तरी कुठे खरं जेवतात?"

मी हवेतच पोळी लाटली. आईने शिवणाची टेप जमिनीपासून माझ्या कोपरापर्यंत धरली. मग कोपराखाली आपली चार बोटं आडवी लावली, ओठांतल्या ओठांत वजाबाकी केली आणि आकडा तळहातावर लिहिला. पस्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलेलं. कागद शोधण्याआधी हातावर लिहायची तिची सवय निवृत्त झाल्यावरही सुटली नव्हती.

"काय मोजतेयस?"

"उत्सुकता आहे का?"

"नाही," मी म्हणाले आणि पुन्हा पुस्तकात शिरले.

नोकरीत तिच्या आठ बदल्या झाल्या. आठ गावं, आठ भाड्याची घरं, आणि प्रत्येक घरातला ओटा दुसऱ्याच कुणाच्या तरी बेताने बांधलेला. आई चार फूट नऊ इंच. म्हणून दर बदलीला टेम्पोत सर्वांत आधी एक सागवानी पाट चढायचा. त्या पाटावर उभी राहून ती भाकऱ्या थापायची. मी वडिलांवर गेले, उंच. वडील मी सात वर्षांची असताना गेले; उंची तेवढी ठेवून गेले. एकाच ओट्यापाशी ती पाटावर चढायची आणि मी कमरेत वाकायचे. आम्हा दोघींना त्यात कधी काही वावगं वाटलं नव्हतं. निदान मला तरी.

दुपारी ती म्हणाली, "चल, एक घर बघून येऊ."

दिघीच्या रस्त्याला 'सुरंगी' नावाची तीन मजल्यांची इमारत उभी राहत होती. आईने तिथे पहिल्या मजल्यावर घर नोंदवलं होतं. माझी हौस, असं ती सांगायची. आयुष्यभर दुसऱ्यांच्या भिंतींत खिळे ठोकायला परवानगी मागितली. आता एक खिळा न विचारता ठोकायचाय. मी त्यावर हसले होते. पुढे काही विचारलं नव्हतं.

पण त्या दिवशी आम्ही इमारतीत गेलोच नाही. शेजारच्या मोकळ्या जागेत पंधरा-वीस बायका जमल्या होत्या. लाल माती झाडून स्वच्छ केलेली, आणि तिच्यावर पांढऱ्या फक्कीच्या रेघांनी एक अख्खं घर काढलेलं. खोटं नव्हे — खऱ्या मापाचं. जणू कुणीतरी घर अलगद उचलून नेलं होतं आणि त्याची कड तेवढी राहिली होती. मला फार नवल वाटलं. मी सरळ चालत आत गेले.

"अहो ताई, भिंतीतून आलात!"

हातात फक्कीची बादली घेतलेला एक माणूस माझ्याकडे बघत होता. तिशी ओलांडलेला, सावळा. एका भुवईवर पांढरं लागलेलं.

"मग दार कुठाय?"

"तुमच्या उजव्या हाताला. चार पावलं."

मी परत बाहेर गेले, चार पावलं चालले आणि दारातून आत आले. असं मी का केलं, हे मला आजही नीट सांगता येणार नाही. त्यानेही हसू दाबलं, पण भुवईने दाबू दिलं नाही.

"या," तो म्हणाला. "आता घरात आलात."

तो भावेश. या इमारतीचा आर्किटेक्ट. भरडखोलच्या कोळीवाड्यातला.

"हे सगळं कशाला?" मी विचारलं.

"नकाशा दाखवला की बायका 'छान आहे' म्हणतात आणि घरी जातात. जमिनीवर काढलं की भांडायला लागतात. मला भांडण हवंय."

भांडण त्याला मिळत होतंच. रेघांच्या स्वयंपाकघरात एक धिप्पाड बाई कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. "ए भावेश! मासली कुठं धुवायची रं? ह्या बेसिनात? घरभर वास सुटंल तो काय तुजा शेठ काढाया येनार हाय?"

"मागे मोरी दिलीये ना, आई."

"ती मोरी हाय? मला वाटला तुजा पाय घसरला न् रेघ वाकडी गेली."

सगळ्या बायका खो-खो हसल्या. त्या केसरबाई. बोर्लीच्या बाजारात मासळी विकतात; त्यांच्या पाटीवरून मी कितीदा बांगडे घेतले होते, पण त्यांचा मुलगा आर्किटेक्ट आहे हे माहीत नव्हतं. विक्रीचं काम बघणारी अमिषा तेवढ्यात म्हणाली, "पण भिंती गुलाबीच करू या ना! 'खास महिलांसाठी' बोर्ड लावलाय आपण."

"पोरी, गुलाबी भिंतीवर फोडनीचा डाग काय गुलाबी पडतो काय?" केसरबाईंनी विचारलं. अमिषाने वहीत काहीतरी खोडलं.

इतक्यात माझ्यामागून आई आली. दारातून. आणि वर्गात घालावी तशी हाक घातली, "काय रे भावेश, अजून मागचं पान न बघताच पेपर देतोस का?"

त्याने बादली खाली ठेवली, हात पँटला पुसले आणि वाकून नमस्कार केला. "बाई! तेवीस वर्षं झाली त्याला."

"चौथीची स्कॉलरशिप," आई मला सांगू लागली. "हुशार पोरगा. आणि मागच्या पानावरची दहाही गणितं कोरी. का? तर पान उलटलंच नाही."

"बाई, लोकांसमोर..."

"गणितं अजून तशीच पडलीत तिथं."

आईने ते घर हळूहळू पाहिलं. प्रत्येक खोलीत दारातूनच गेली, एकही भिंत ओलांडली नाही. बुद्धमूर्तीचा कोनाडा कुठे, पुस्तकांचं कपाट कुठे, विचारत गेली. स्वयंपाकघरात पोचल्यावर ती मातीतच मांडी घालून बसली आणि म्हणाली, "खिडकी खाली घे. बाई खाली बसून निवडते, चिरते. तिला नुसती भिंत दिसते. बसलेल्या बाईलाही बाहेरचं दिसायला पाहिजे."

भावेशने तिच्याकडे पाहिलं. खिशातून कागद काढून त्यावर काहीतरी खूण केली. मग आपणही तिच्याशेजारी मातीत बसला — तिला काय दिसतंय ते बघायला. हे मी बघितलं. मला कुतूहल वाटलं ते तिथून.

मग तो एक काठी घेऊन बायकांच्या कोपरांची मापं घेऊ लागला. कोपराखाली चार बोटं — तेवढा ओटा, म्हणजे खांदे दुखत नाहीत, असं त्याचं म्हणणं. आईने त्याला माप घेऊ दिलं नाही. "माझं मी आणलंय," म्हणाली आणि तळहात बघून फॉर्म भरत बसली. बराच वेळ.

"तुमचं?" त्याने मला विचारलं.

"मी घर घेत नाहीये. आईची हौस आहे."

"तुमची नाही?"

"बघू."

येताना सुपारीच्या वाडीकडेने चालताना आईने विचारलं, "आवडलं का गं घर?"

मला आवडलं होतं. ती खाली बसली होती, तिथून नुसती झाडं आणि झाडांमागे समुद्राचा उजेड दिसत असणार, असं माझ्या मनात घोळत होतं. मी म्हणाले, "बघू."

"तुझं 'बघू' समजायला मला आणखी एक डी.एड. करावं लागणार."

सोमवारी सकाळी चहाचं आधण ठेवून ती पाटावरून खाली उतरली, भिंतीला टेकून बसली, आणि उठली नाही.

*

आईच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. धाकटा भाऊ सनी कामोठ्याहून आला होता. जाताना म्हणाला, "ताई, त्या घराचं रद्द करून टाक. एकटी काय करणार? आमच्याकडे ये. हॉल मोकळाच असतो."

त्याच्या बोलण्यात माया होती. मी 'बघू' म्हणाले. मग महिनाभर काहीच बघितलं नाही. मी गावच्या वाचनालयात कामाला. सकाळी ते उघडायचं, बाराला बंद करायचं, चारला पुन्हा उघडायचं. मधले चार तास घरी जायचं टाळायचं. पाट ओट्यापाशी होता तिथेच होता.

जानेवारीच्या शेवटी मी 'सुरंगी'च्या ऑफिसात गेले. पत्र्याची एक खोली. भावेश एकटाच होता. मला बघून उभा राहिला आणि "बाई..." एवढंच म्हणाला. पुढचं वाक्य त्याला सापडलं नाही. मला बरं वाटलं. महिनाभर सगळ्यांनाच पुढचं वाक्य सापडत होतं.

"घर रद्द करायचंय," मी म्हणाले.

तो टेबलाच्या खणाकडे बघत म्हणाला, "त्याचा एक फॉर्म असतो. अमिषाकडे. ती माणगावला गेलीये. गुरुवारी येईल."

टेबलावर कागदांचा ढीग होता. काही उलटे, काही दुमडलेले, एकावर चहाचा डाग. त्या रविवारी आणि नंतरच्या दोन रविवारी बायकांनी भरलेले फॉर्म.

"हे असे का ठेवलेत?"

"मला वाचता येत नाहीत," तो म्हणाला. "म्हणजे अक्षर लागतं. अर्थ लागत नाही. मी विचारलं, घरात काय हवं? आणि हे बघा." त्याने एक कागद उचलला. "'फ्रिज दारामागे नको.' ठीक. खाली लिहिलंय, 'आणि मी दारामागे नको.' याचं मी काय बांधू?"

मला महिन्यात पहिल्यांदा काहीतरी पूर्ण वाचावंसं वाटलं.

"मी लावून देते," मी म्हणाले. "गुरुवारपर्यंत."

गुरुवार आला, गेला. अमिषा माणगावहून आली, पण फॉर्म संपला होता म्हणे. पुढच्या आठवड्यात येणार होता. मी रोज दुपारी बाराला वाचनालय बंद करून तिथे जाऊ लागले. पुस्तकं लावतात तसे मी ते कागद लावत होते: पाणी, उजेड, कडी-कुलूप, वाळवण. मी वाचायचे आणि भावेश चौकटीच्या कागदावर पेन्सिलने काहीतरी काढत राहायचा.

"'आतले कपडे वाळायला ऊन हवं, पण रस्त्याला दिसायला नकोत,'" मी वाचलं.

"पूर्वेची गॅलरी. कठडा दोन फूट भरीव," तो म्हणाला. "पुढे?"

"'खोलीला आतून कडी. चांगली.' 'चांगली'खाली दोन रेघा आहेत."

त्याने पेन्सिल थांबवली. "सगळ्या घरांना लावतो. विचारायला नको कुणाला."

"'ओट्याजवळ एका खुर्चीपुरती जागा. हे येऊन बसत नाहीत. पण बसले तर.'"

बाहेर मिस्त्री लोखंड कापत होता.

"बसतील," भावेश म्हणाला.

"तुम्हाला काय माहीत?"

"खुर्ची ठेवली की माणूस बसतो. नुसती जागा ठेवली तर टोपली बसते."

मी हसले. तो माझ्याकडे बघत राहिला, आणि मग एकदम पेन्सिलीला टोक करायला लागला, जिचं टोक चांगलं होतं.

एका कागदावर अतिशय बारीक अक्षरात लिहिलं होतं: 'रडायला एक कोपरा. जिथे कोणी काय झालं विचारणार नाही आणि पाणी आणून देणार नाही.' तो मी मोठ्याने वाचला नाही. नुसता त्याच्यापुढे सरकवला. त्याने वाचला आणि घडी करून शर्टाच्या खिशात ठेवला.

कधी कधी बाजार आटोपून केसरबाई डबा घेऊन यायच्या. तांदळाची भाकरी, सुकटीची चटणी. "खा गं. पुस्तकातल्या पोरी वाळून जातात." मला त्या काही विचारत नसत. मुलाला मात्र सोडत नसत. "काय रं, येवरे दिस झाले, अजून कागदच वाचताय? आमी एवढ्यात होडी बांधून पाण्यात सोडली असती."

"आई!"

"मी होडीचं बोलते. तुला काय वाटलं?"

एका दुपारी अमिषाला एकटीला गाठून मी विचारलं, "तो रद्द करायचा फॉर्म खरंच संपलाय?"

ती माझ्याकडे बघून गोड हसली. "रश्मीबेन, गठ्ठा आहे. भावेशभाईंच्या खणात. चावी त्यांच्याकडे."

मी त्याला काही बोलले नाही. रागावलेही नाही. त्याचंच मला आश्चर्य वाटलं.

फेब्रुवारीच्या मध्यात त्याने विचारलं, "बाईंचं घर बघता? एकदा. मग काय ते ठरवा. महिनाअखेरीला ओट्यांवर कडप्पा बसेल, त्याआधी बिल्डर शेठला सांगावं लागेल."

आम्ही पहिल्या मजल्यावर गेलो. भिंतींना अजून गिलावा नव्हता. स्वयंपाकघराची खिडकी खाली होती, इतकी खाली की मी खाली बसले तेव्हा सुपारीचे शेंडे आणि त्यांच्यामागे पाण्याची एक चकाकती पट्टी दिसली. ती बसली असती तर तिलाही दिसली असती. मी उठले आणि विटांच्या ओट्यापाशी उभी राहिले. नेहमीच्या सवयीने वाकले.

"ठेंगणा आहे," मी म्हणाले.

"तेहतीस इंच. बाईंच्या बेताचा."

म्हणजे इथे तिला पाट लागला नसता. साठ वर्षांत पहिल्यांदा. मला आनंद झाला आणि तो कुठे ठेवावा ते कळेना. मी म्हणाले, "मग राहू दे तसाच. जो कोणी घेईल तो..."

तो जिन्याकडे वळला.

खाली ऑफिसात येऊन मी कागदांचे गठ्ठे मोजले. बांधायचे होते. त्रेसष्ट. यादीत नावं चौसष्ट होती.

"एक कमी आहे," मी म्हणाले. कुणाचा ते मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. रोज प्रत्येक कागद उचलताना मी तिचं अक्षर शोधत होते.

भावेशने खण उघडला. "त्या ढिगात ठेववला नाही मला." त्याने फॉर्म माझ्या हातात दिला. मग खिडकीकडे बघत म्हणाला, "तुम्हाला एक सांगायचं राहिलंय. बाईंनी ओटा अडतीस लिहिला होता. मला वाटलं, चुकून. अडतीस म्हणजे जवळजवळ त्यांच्या छातीला आला असता. मी तेहतीस केला. त्यांना विचारून घेणार होतो... सोमवारी."

आईचं अक्षर. फळ्यावरच्यासारखं, सुटं, गोल. नाव. मजला. कोनाडा. खिडकी. ओटा: अडतीस इंच. तळहातावरून उतरवलेला आकडा.

वाचनालयात काम केल्याने एक सवय लागते. पुस्तक परत आलं की मागचं पान बघायचं. तिथे लोक काय काय लिहून ठेवतात. मी फॉर्म उलटला.

'भावेश, ओटा अडतीसच ठेव. चूक नाही. हे रश्मीचं माप आहे. ती वाकून काम करते, तिची पाठ दुखते, पण सांगत नाही. मला पाट आहे. घर तिच्यासाठी आहे, पण तिला एवढ्यात कळू देऊ नकोस. ती बघू म्हणेल. खिडकी तेवढी माझ्यासाठी खाली घे. मागचं पान बघितलंस म्हणून एक गुण. — बाई.'

मी तो कागद त्याच्यापुढे धरला. त्याने वाचला. दुसऱ्यांदा वाचला. त्याचे कान लाल झाले.

"नाही बघितलं, बाई," तो कागदाला म्हणाला. "अमिषाने फोटो काढून पाठवले होते. पुढच्या बाजूचे. मी..." आणि मग अगदी चौथीतल्या मुलासारखं, "चुकलो."

मला हसू आलं. खरंच आलं, मोठ्याने. आणि हसता हसता ते दुसरंच काही झालं. दोन महिन्यांत न आलेलं सगळं.

त्याने काय झालं असं विचारलं नाही. पाण्याचा तांब्याही पुढे केला नाही. खुर्ची उचलून कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून ठेवली, आणि बाहेर जाऊन दारात पाठमोरा उभा राहिला. अमिषा येत होती, तिला म्हणाला, "आत नको. काम चाललंय."

बऱ्याच वेळाने मी बाहेर आले. ऊन कलत होतं. तो तसाच उभा होता, हातात मोजायची काठी.

"माप घेऊ?" त्याने विचारलं. "बाईंवर विश्वास आहे. पण या वेळी दोनदा बघतो."

मी हात धरला, पोळी लाटल्यासारखा. त्याने काठी जमिनीला टेकवली.

"चार बोटं तुमचीच लावा."

मी माझी चार बोटं कोपराखाली आडवी धरली. त्याने त्याखाली काठीवर खडूने रेघ ओढली. इतक्या जवळून, की त्याचा श्वास माझ्या मनगटाला कळला. त्याने टेप लावली.

"अडतीस," तो म्हणाला. आवाज जरा वेगळाच आला. "मी ओट्याची भिंत वाढवतो. तुम्ही घर ठेवा, नका ठेवू. ओटा बाईंनी लिहिला तेवढाच होणार. आणि... हे वेगळं आहे, ओट्याशी याचा संबंध नाही... तुम्ही मला आवडता. उत्तर लगेच नको."

माझ्या तोंडून काय निघालं ते सांगायला नको.

"बघू," त्याने मान डोलावली. "लिहून ठेवतो."

"आणि तो खण उघडा ठेवत जा. त्यातले फॉर्म मला हवे असते तर मी मागच्याच आठवड्यात घेतले असते."

त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

*

दुसऱ्या दिवशी मी सनीला फोन केला. घर ठेवतेय म्हणाले. तो म्हणाला, "एकटी?" मी म्हणाले, "हॉल मोकळा असेल. तुम्ही या राहायला." तो हसला. "आईसारखं बोलतेस."

बाजारात केसरबाईंनी मला हाक मारून बसवलं. कोयता बाजूला ठेवला. "भावेश बोलला मला. मी एकच सांगते. लोक बोलतील. तुमच्यातले बोलतील, आमच्या कोळीवाड्यातले बोलतील. बोलू देत. मी तीस वर्षं बाजारात बसते, माज्यापेक्षा मोठ्यानं कोन बोलनार हाय?" मग आवाज जरा खाली आणून, "बाईंनी माज्या पोराला शिकवला. मागचं त्याला दिसत न्हाय, ते खरं. पुढचं तरी दिसतंय का, ते तू बघ."

मार्चच्या पहिल्या रविवारी भावेशचा निरोप आला. ओटा तयार आहे, कडप्पा बसवण्याआधी बघून जा.

मी निघताना स्वयंपाकघरातला पाट उचलला. अडीच महिने तो जागचा हलला नव्हता. खाली धुळीचा चौकोन राहिला. पाट काखेत घेऊन मी दिघीच्या रस्त्याने चालत गेले. मोकळ्या जागेत फक्कीच्या रेघा पुसट झाल्या होत्या, पण दार कुठे होतं ते ओळखू येत होतं.

जिना चढून गेले तेव्हा तो आतच होता. भुवईवर या वेळी सिमेंट.

मी ओट्यापाशी उभी राहिले. हात पुढे केले. पाठ सरळ होती. एखाद्या ओट्यापुढे माझी पाठ पहिल्यांदाच सरळ होती, आणि ती तशी असू शकते हे मला बत्तीस वर्षांत सुचलं नव्हतं. तिला सुचलं होतं. शिवणाची टेप घेऊन, माझ्या 'नाही'कडे लक्ष न देता.

मी पाट खाली ठेवला, खिडकीजवळ.

"हा?" त्याने विचारलं.

"आईचा. ती बसेल तिथे."

त्याने मान हलवली. त्याला त्यात विचित्र काही वाटलं नाही. थोडा सरकून त्याने पाट खिडकीला बरोबर समांतर केला. मग माझ्याकडे न बघता, बोटाने ओट्याच्या कडेची वाळू पुसत म्हणाला, "घर आवडलं?"

तो शब्द नेहमीसारखा ओठांवर आला. मी तो गिळला. मग पाटाकडे वळले, आणि ती मला ऐकू शकेल एवढ्या मोठ्या आवाजात बोलले. उघड्या भिंतींत तो आवाज घुमला.

"आई, घर आवडलं गं मला. त्याच दिवशी आवडलं होतं, नुसत्या रेघा होत्या तेव्हाच." "आणि तुझा हा विद्यार्थीही आवडला. मागचं पान बघत नाही. मी बघत जाईन."